मुक्या चुनखडकातला एक सूर

गडचांदूरला दुकानांच्या फळ्यांवर, तुळशीच्या पानांवर, दोरीवरच्या कपड्यांवर जी पांढुरकी धूळ बसते ती चुनखडकाची आणि सिमेंटची. म्हणजे बहुतांशी कॅल्शियम, कार्बन, ऑक्सिजन. अणूंच्या अतिसूक्ष्म संरचनेच्या वारंवारतांचा तक्ता पहिल्यांदा हाती आला तेव्हा साहजिकच गावच्या दगडाची ओळ शोधली. कॅल्शियम-४०, कार्बन-१२, ऑक्सिजन-१६ : तिघांपुढेही काही नाही. तक्ता अपुरा असेल असे वाटले. पण ती रिकामी जागा हाच त्या रचनेतला पहिला बारकावा होता.

अणूचे केंद्रक हा बऱ्याचदा एक चिमुकला लोहचुंबक असतो, इलेक्ट्रॉनही तसाच. दोघांचा कल एका दिशेला आहे की विरुद्ध, यावरून अणूच्या ऊर्जेत किंचित फरक पडतो. एका स्थितीतून दुसरीत जाताना त्या फरकाएवढी लहर सुटते किंवा शोषली जाते, आणि तिची वारंवारता म्हणजे तक्त्यातला आकडा. मात्र केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येत असले, की जोडीतला एक दुसऱ्याचे चुंबकत्व पुसून टाकतो. कॅल्शियम-४० मध्ये वीस आणि वीस, कार्बनमध्ये सहा-सहा, ऑक्सिजनमध्ये आठ-आठ. माणिकगडच्या पायथ्याचा जवळजवळ सगळा चुनखडक असा जोडीने बसलेला आणि म्हणून मुका.

आता हायड्रोजनची तीन घरे वाचा, सावकाश. नुसता प्रोटॉन : १४२०.४०५७५१७६८ मेगाहर्ट्‌झ. त्याला एक न्यूट्रॉन दिला की ड्युटेरियम होते आणि आकडा एकदम ३२७.३८४ वर कोसळतो. आणखी एक न्यूट्रॉन दिला तर तो अजून खाली जाईल असे कुणालाही वाटेल. ट्रिटियमचा आकडा आहे १५१६.७०१! कारण असे की प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची चुंबकत्वे उलट चिन्हांची. ड्युटेरियममध्ये दोघांची फिरकी एकाच दिशेला, त्यामुळे न्यूट्रॉन प्रोटॉनचे बरेचसे बळ खाऊन टाकतो. ट्रिटियममध्ये दोन न्यूट्रॉन आपापसात मिटवून घेतात आणि प्रोटॉन पुन्हा जवळजवळ एकटा उरतो. हा ‘जवळजवळ’ शब्द तोलून घ्यावा. पुरता एकटा उरता तर आकडा १४२० च्याच आसपास राहिला असता. वरचे ९६ मेगाहर्ट्‌झ सांगतात की शेजाऱ्यांचा मिटलेला तंटा घरात थोडा ऐकू येतोच. एका ओळीत एवढा संसार मांडणारे लेखन मी फारसे पाहिलेले नाही.

यातली पहिली दोन घरे आपल्या राज्यात ऐकता येतील अशी सोय आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, आणि हायड्रोजन व ड्युटेरियम दोघांचे आकडे तिच्या पट्ट्यांत बसतात. एकट्या हायड्रोजन अणूला ही लहर आपणहून सोडायला सरासरी कोटीभर वर्षे लागतात. पण आकाशात अणूंना तोटा नाही. २०२० मध्ये याच दुर्बिणीने सात हजारांवर दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन टिपला. विश्वाच्या प्रसरणाने ताणून तेव्हाचे १४२० आता ७०० च्या आसपास आले होते. सूर खाली उतरला होता, तरी ओळखू आला.

तक्त्यातल्या अशाच आकड्यावर चालणाऱ्या रुबिडियमच्या घड्याळातली युक्ती मात्र मला सर्वांत देखणी वाटते. रुबिडियम-८७ चा आकडा ६८३४.६८२ मेगाहर्ट्‌झ, भाऊ रुबिडियम-८५ चा ३०३५.७३२. सत्त्याऐंशीच्या दिव्यातून अगदी लगतचे दोन रंग निघतात आणि त्यांतला एकच हवा असतो. नको असलेला रंग नेमका पंच्याऐंशीची वाफ शोषून घेते. समस्थानिकालाच गाळणी केले! मे २०२३ मध्ये अवकाशात गेलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ आहे.

सिझियमचे ९,१९,२६,३१,७७० हर्ट्‌झ प्रसिद्धच आहेत. त्याला दशांशाचे शेपूट नाही एवढेच पाहावे : १९६७ मध्ये माणसांनी सेकंदच त्यावरून ठरवला, म्हणून.

तर आपला दगड. कॅल्शियमचे सहा समस्थानिक निसर्गात सापडतात. पाच सम, एकटा ४३ विषम. प्रमाण ०.१३५ टक्के, म्हणजे सिमेंटच्या पन्नास किलोंच्या बॅगेत जेमतेम तीस ग्रॅम. वीस प्रोटॉन जोडीने, तेवीस न्यूट्रॉनांतला एक बिनजोडीचा. तरीही हा अणू बोलत नाही, कारण त्याचे बाहेरचे दोन इलेक्ट्रॉनही जोडीनेच बसलेले. त्यांतला एक काढून घ्यायचा आणि उरलेला आयन निर्वातात, विजेच्या सापळ्यात अधांतरी धरायचा. मग आकडा येतो : ३२२५.६०८ मेगाहर्ट्‌झ. तोही उलट्या मांडणीचा. हायड्रोजनमध्ये ज्या स्थितीत केंद्रक आणि इलेक्ट्रॉन दोघांची फिरकी एका दिशेला असते ती वरच्या ऊर्जेची. इथे ती खालची, कारण एकट्या न्यूट्रॉनचे चुंबकत्व उलट चिन्हाचे. २०१४ मध्ये ऑक्सफर्डला अशाच एका आयनाने आपली लय पन्नास सेकंदांच्या घरात न विस्कटता सांभाळली.

तुळशीवरची धूळ मी अजून रोज पुसतो. दर सुमारे साडेसातशे कॅल्शियम अणूंमागे एक तो असतो.