करारचित्राची साक्ष : सीमाप्रदेशाचा इतिहास आणि शालेय अध्यापन

ऐतिहासिक चित्र हे इतिहासाचे साधन आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ते कोणत्या काळाचे साधन आहे, हा प्रश्न प्रथम सोडविल्यावाचून ते वर्गात नेणे धोक्याचे असते. अमेरिकेतील आरंभीच्या सीमाप्रदेशाचा इतिहास शिकविताना हा धोका विशेष संभवतो. कारण तेथे लिखित पुरावा बव्हंशी वसाहतवाल्यांचा आहे, आणि चित्राच्या मोहक स्पष्टतेमुळे हा एकपक्षीपणा मुलांच्या ध्यानात येत नाही. बेंजामिन वेस्ट याचे ‘विल्यम पेनचा इंडियनांशी करार’ हे चित्र या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या वेस्टने हे चित्र लंडनमध्ये 1771–72 मध्ये रंगविले. विषय आहे 1682 सालच्या भेटीचा. डेलावेअर नदीकाठी शॅकमॅक्सन येथे, एल्म वृक्षाखाली, विल्यम पेन आणि लेनापी लोक यांची ही भेट झाली असे परंपरा सांगते. एका बाजूस क्वेकर, दुसऱ्या बाजूस लेनापी आणि मध्यभागी व्यापाऱ्यांनी उलगडून धरलेले कापड, अशी त्याची रचना आहे. 1775 मध्ये जॉन हॉलने केलेल्या कोरीव प्रतीमुळे ते दूरवर पसरले. पुढे एडवर्ड हिक्सने हाच प्रसंग आपल्या चित्रांतून पुनःपुन्हा आणला.

चित्रातील चुका दाखविणे सोपे आहे. 1682 मध्ये पेन अडतीस वर्षांचा होता. चित्रात तो स्थूल आणि प्रौढ दिसतो. पार्श्वभूमीवरची विटांची घरे तेव्हा तेथे नव्हती. पण शिक्षक एवढ्यावरच थांबला, तर चित्र बिनचूक असते म्हणजे ते विश्वसनीय ठरले असते, असा चुकीचा धडा विद्यार्थी घेतात. महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. प्रसंग आणि चित्र यांच्यामध्ये जी नव्वदेक वर्षे गेली, त्यांत काय घडले?

चित्र रंगविण्याचे काम वेस्टला विल्यम पेनचा मुलगा टॉमस पेन याने दिले होते. 1737 मध्ये, याच टॉमसच्या कारकीर्दीत, 1686 चे म्हणून सांगितलेल्या एका खताच्या आधारे, ‘दीड दिवसात माणूस चालेल तेवढी’ भूमी लेनापींकडून घेण्यात आली. त्यासाठी तिघे जण मुद्दाम नेमण्यात आले आणि वाट आधीच मोकळी करून ठेवण्यात आली. तिघांपैकी एकच शेवटपर्यंत टिकला. पण ‘चालणे’ या शब्दाचा लेनापींना अभिप्रेत असलेला अर्थ त्याने फार मागे टाकला. 1756 मध्ये ईस्टन येथील सभेत लेनापी नेता टीडीयस्कंग याने फसवणुकीचा आरोप उघडपणे केला. चित्र या वादानंतरचे आहे. पेन घराण्याच्या न्यायबुद्धीची आठवण 1771 मध्ये कोणाला हवी होती, याचा ते उत्तम पुरावा आहे. 1682 मध्ये काय ठरले याचा मात्र तसा नाही.

भाषेच्या दृष्टीने पाहता चित्राची मर्यादा आणखी स्पष्ट होते. करार हा मूलतः उक्तीचा व्यवहार आहे, आणि चित्र मुके असते. दुभाष्यावाचून व्यवहार करता यावा म्हणून आपण लेनापींची भाषा शिकलो, असे पेनने 1683 च्या पत्रात लिहिले आहे. वेस्टच्या चित्रात मात्र शब्दांची जागा कापडाने घेतली आहे, आणि पाहणारा त्यातून ‘विक्री’ असाच अर्थ वाचतो. अनेक इतिहासकारांच्या मते लेनापींना असा व्यवहार भूमीचा वापर वाटून घेण्याचा वाटत असे. कायमचा स्वामित्वत्याग त्यांच्या कल्पनेत नव्हता. एकाच कृतीची ही दोन भाषांतली दोन वाचने आहेत. मराठीतील ‘शीव’ दोन्ही गावांच्या साक्षीने ठरते. सीमाप्रदेशाच्या रूढ चित्रात शीव एकाच गावाने आखलेली असते.

यावर असा आक्षेप येईल की, एवढी चिकित्सा शालेय वयाला पेलणार नाही, आणि चित्र हे केवळ गोडी लावण्यासाठी असते. हा आक्षेप टिकत नाही. चित्राखाली 1682 आणि 1771 अशी दोन वर्षे लिहिणे, आणि त्या चित्राशेजारी वॅम्पम पट्टा दाखविणे, हे दहा वर्षांच्या मुलालाही समजेल. शिंपल्यांच्या मण्यांचा हा पट्टा लेनापींनी पेनला दिला असे परंपरा मानते. 1857 मध्ये तो पेनच्या वंशजाने पेनसिल्व्हेनियाच्या इतिहास संस्थेला दिला. त्यावर दोन माणसे हातात हात घालून उभी आहेत. एकाच्या डोक्यावर टोपी आहे. तेथे कापड नाही, पेट्या नाहीत, कोणी देणारा वा घेणारा नाही.

चित्र आणि पट्टा यांतील खरे कोणते, असे मुलांना विचारू नये. दोन्ही वस्तू विधाने आहेत, आणि प्रत्येक विधानाला बोलणारा असतो, ऐकणारा असतो व बोलण्याची वेळ असते. ते विधान कोणाचे, हे शोधण्याची सवय ज्या वर्गात लागते, तेथेच चित्र इतिहासाचे साधन ठरते. ती सवय लावली नाही, तर टॉमस पेनने चित्रकाराकडून जे घडवून घेतले, तेच शाळा त्याच्यासाठी पुन्हा एकदा, आणि विनामूल्य, करीत राहील.