आठवण म्हणून काहीतरी

आपल्या समीक्षकांनी कशाला म्हणून सोडलेलं नाही. जात्यावरच्या ओवीपासून जाहिरातीतल्या घोषवाक्यापर्यंत सगळ्यावर प्रबंध झाले आहेत. पण परगावी गेलेला माणूस शेवटच्या दिवशी, गाडीला दोन तास उरले असताना, घाम पुसत जी वस्तू विकत घेतो तिच्यावर कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या तरी पाहण्यात नाहीत. पहिली अडचण अशी, की तिला मराठीत धड नाव नाही. 'स्मरणिका' म्हणावं तर ती संमेलनात फुकट मिळते आणि तिच्यात अध्यक्षांच्या फोटोनंतर ऐंशी पानं सहकारी बँकांच्या जाहिराती असतात. 'स्मृतिचिन्ह' म्हणावं तर सोबत शाल आणि नारळ हवा. तेव्हा आपण आपलं मोघम 'आठवण म्हणून काहीतरी' म्हणतो आणि त्या 'काहीतरी'त पितळी उंटापासून फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकापर्यंत सगळं कोंबतो.

नाव नाही याचं कारणही उघड आहे. आपल्याकडे आठवण ही खायची नाहीतर कपाळाला लावायची गोष्ट होती. पंढरपूरहून बुक्का आणि चुरमुरे यायचे, काशीहून सीलबंद गडू यायचा. मुंबईहून यायचा माहीमचा हलवा. प्रत्येक पातळ वडीला चिकटलेला कागद सोडवता सोडवता आणणाऱ्याचा निम्मा प्रवास सांगून व्हायचा. चार घरी वाटून झालं की विषय संपला. शोकेसवर धूळ नाही, पुसायचा त्रास नाही. आमच्या साताऱ्याच्या आत्याबाई तर याच्याही पुढे होत्या. मुंबईची आठवण म्हणून त्यांनी लोहार चाळीतून पुरणयंत्र नेलं आणि पुढे वीस वर्षं दर होळीला "हे मुंबईचं हो" असं सांगत लोकांना पुरणपोळी वाढली. इतकी टिकाऊ स्मरणवस्तू मी दुसरी पाहिली नाही.

आता या प्रकारातली आजची मान्यवर कृती घेऊ : पितळेचं गेटवे ऑफ इंडिया. अपोलो बंदरावर आणि कुलाबा कॉजवेच्या फुटपाथवर ते हारीने मांडलेलं असतं. मूळ कमान २६ मीटर उंच. ही चार बोटं. मूळ वास्तूत जॉर्ज विटेटने गुजराती धाटणीच्या कोरीव जाळ्या बसवल्या आहेत; इथे त्या जाळीच्या जागी तीन ओरखडे आहेत. वरचे चार मनोरे बुद्धिबळातल्या प्याद्यांसारखे. तळाशी शहराचं नाव ठसठशीत कोरलेलं, कारण ते नसतं तर घरच्यांनी तिला उदबत्तीचं घर समजून देवघरात ठेवलं असतं.

मात्र एका बाबतीत मी या प्रतिकृतीच्या बाजूने आहे. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ साली या बंदरावर उतरले त्याची आठवण म्हणून ही कमान उभारली. पण ते उतरले तेव्हा कमान कुठे होती? पायाभरणी १९१३ सालची आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. राजाला त्या दिवशी पुठ्ठ्याची कमान पाहायला मिळाली, असं सांगतात. म्हणजे खेळण्यातलं गेटवे आधी आणि दगडातलं नंतर! पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची इंग्रजी पलटण याच कमानीतून बोटीवर चढली. ज्याच्या आगमनासाठी दार बांधलं त्याचे शिपाई त्याच दारातून परत गेले, एवढं नाट्य त्या चार बोटांच्या पितळेत कुठे दिसत नाही, ही माझी मुख्य तक्रार. दुसरी तक्रार शेजारच्या संगमरवरी ताजमहालाबद्दल. समोर ताज नावाचं हॉटेल डोळ्यांत मावत नाही एवढं उभं असताना माणसं मुंबईची आठवण म्हणून आग्र्याचा ताज नेतात. विचारलं तर विक्रेता म्हणतो, "वो भी ताज, ये भी ताज." याला काय उत्तर आहे?

काळी-पिवळी टॅक्सी आणि लाल दुमजली बस या अलीकडच्या लोकप्रिय कृती. किल्ल्यांच्या साखळीवर, मगवर, उशीच्या अभ्य्रावर, कुठेही पाहा. कृती चांगल्या आहेत, रंग भडक असले तरी प्रामाणिक आहेत. फक्त तो पद्मिनी टॅक्सीचा फुगीर चेहरा २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेला आणि जुन्या डिझेलच्या दुमजली बसही त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या. आता दुमजली धावतात त्या विजेवरच्या. जोवर टॅक्सी रस्त्यावर होती तोवर आपण तिचं दार नीट लागत नाही म्हणून वैतागत होतो. तिची उशी कुणाला सुचली नव्हती.

वस्तूइतकाच बाजारही पाहण्यासारखा असतो, पण खरेदीला गेलेला माणूस बाजार पाहत नाही. क्रॉफर्ड मार्केटचंच घ्या. विल्यम इमर्सनने आखलेली ही मंडई १८६९ साली बांधून झाली. दारावर लॉकवुड किपलिंगने, म्हणजे रुडयार्डच्या वडिलांनी, शेतकऱ्यांची शिल्पं केली आहेत. आज मंडईला नाव आहे महात्मा जोतीबा फुल्यांचं. दारावर शेतकरी आणि पाटीवर 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारा लेखक! इतका नेमका योग पालिकेच्या कारभारात क्वचितच जुळतो. आणि खाली आपण काय करतो? मान खाली, हात पाकिटावर, आणि तोंडाने "विलायती चॉकलेटं कुठल्या गल्लीत?"

मंगळदास मार्केटच्या कापडांबद्दल मी बोलणार नाही. तो सौ.चा प्रांत. पण घासाघीस हीसुद्धा एक समीक्षाच आहे, हे मी तिथे शिकलो. "रंग जाणार," "पन्हा कमी आहे," "पोत बरा नाही" अशी कठोर टीका करून शेवटी तेच कापड साडेतीन मीटर घ्यायचं. आम्हा पुरुषांना हे जमत नाही. आम्ही वस्तूला नावं ठेवतो, दुकानदार म्हणतो "मत लो", आणि आम्हाला तो घराण्याचा अपमान वाटतो. सौ.च्या मते किंमत ऐकून न बोलता चालायला लागावं. दुकानदार हाक मारतोच. न मारली तर ती किंमत खरी होती असं समजावं आणि लांबून वळसा घेऊन परत यावं.

हा नियम चोरबाजारात चालत नाही. मटन स्ट्रीटवरचा दुकानदार हाक मारत नाही. त्याच्याकडे वेळच वेळ असतो. मूळ नाव 'शोर बाजार' होतं आणि साहेबाच्या जिभेवर त्याचा चोर झाला, असं सांगतात. ग्रामोफोनचे कर्णे, इराणी हॉटेलातल्या खुर्च्या, जुन्या सिनेमांची पोस्टरं, बोटीवरचे दिवे. मी इथे माझ्या काकांना घेऊन गेलो होतो. काकांनी परळच्या एका गिरणीत बावीस वर्षं काढली. १९८२ च्या जानेवारीत संपावर गेले ते परत गेलेच नाहीत. गिरणीच्या जागी आता मॉल आहे. काका तिथे उन्हाळ्यात गारव्यासाठी जातात.

एका दुकानात लाकडी बॉबिनं होती. सहा बॉबिनं एका फळीवर उभी बसवलेली, प्रत्येकीच्या डोक्यावर मेणबत्तीची वाटी. किंमत १,८०० रुपये. "अँटिक है, साब. मिल का ओरिजिनल पीस." काकांनी चष्मा लावला. एक बॉबिन वळवून तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसरीच्या. या प्रांतात मी ऐकलेली सगळ्यांत जाणकार समीक्षा तिथे झाली.

"ही कड बघ. फुटलीय. असली बॉबिन लावली की धागा तुटतो, आणि धागा तुटला की जॉबर आमच्या नावाने ओरडायचा. असली आम्ही पेटीत टाकून देत होतो." मग जरा थांबून, "म्हणजे टाकलेलीच इथं आली. चांगली कुठं गेली असतील?"

याला दुकानदाराकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. "१,८०० म्हणजे," काका मला म्हणाले, "संपाच्या आदल्या महिन्यात एवढा पगार नव्हता मला." आवाजात राग नव्हता. हिशेब होता.

घेणार का, असं मी विचारलं. ते हसले. "घरी ठेवून काय करू? काकू रोज पुसत बसेल."

निघताना त्यांनी ती फळी जागेवर ठेवली, तुटकी कड भिंतीकडे करून. मग परत वळून दुकानदाराला सांगितलं, की लाकडात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं, मेणबत्ती लावाल तर पेट घेईल, गिऱ्हाइकाला तेवढं सांगत जा. दुकानदाराने ते मन लावून ऐकलं आणि किंमत १०० रुपयांनी उतरवली.