मॅडिसनने गृहीत धरलेली गोष्ट

जेम्स मॅडिसनचा १७८८चा ‘फेडरलिस्ट ५१’ सांगतो की, सत्तेला आवर घालायला समोर दुसरी सत्ताच लागते. मला हे पटतं. पण दोन्हीकडे खरी सत्ता आहे, हे तो गृहीत धरतो.

अंबरनाथ-बदलापुरात आपण नगराध्यक्ष आणि नगरसेवक वेगवेगळे निवडतो, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि संसद निवडतात तसे. शेजारच्या उल्हासनगरात महापौर नगरसेवकच निवडतात. तरी मुख्याधिकारी असो की आयुक्त, नेमणूक राज्य सरकारची. २०२०मध्ये मुदत संपल्यावर डिसेंबर २०२५च्या निवडणुकीपर्यंत अंबरनाथ-बदलापूरचा कारभार प्रशासकाने हाकला. एकही नगरसेवक नव्हता आणि गाडा चालूच होता.

मग निवडलेल्यांनी एकमेकांना अडवलं, तरी मंत्रालयाला कोण अडवणार? हा निबंध इथे वाचला की तो अपुरा वाटतो, आणि म्हणूनच वाचावासा वाटतो.