चार पानांचा निबंध आणि संदर्भांची मोजदाद

सु-मिंग शू, लॉरेन रेन आणि हॅरी फँगर या तिघांचा एक निबंध १९८१ साली ‘जर्नल ऑफ हिस्टोकेमिस्ट्री अँड सायटोकेमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याने पाने व्यापली अवघी चार. पुढील दशकांत जगभरच्या संशोधकांनी त्याचा हजारो वेळा संदर्भ दिला. मूळचे तैवानचे विकृतिशास्त्रज्ञ असलेल्या शू यांचे नाव आजही प्रामुख्याने या आकड्यामुळेच घेतले जाते. म्हणूनच हा आकडा नेमके काय सांगतो, हे तपासणे आवश्यक ठरते.

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत ऊतीचा पातळ काप हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांनी रंगवला की पेशीकेंद्र निळसर आणि भोवतालचा भाग गुलाबी दिसतो. पेशीचा आकार कळतो, पण तिचे कूळ नेहमीच कळते असे नाही. लसिकाग्रंथीचा कर्करोग आणि दुसरीकडून तेथे पसरलेला कर्करोग कधीकधी इतके सारखे दिसतात की अनुभवी डोळाही अडतो. उपचार मात्र अगदी वेगळे असतात. अशा वेळी पेशीतील विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरावे लागते. परंतु प्रतिपिंड स्वतः दिसत नाही, त्याला दृश्य करावे लागते. अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये चमकणारे रंगद्रव्य जोडून ते साधले. नाकाने आणि पिअर्स यांनी १९६६ मध्ये रंगद्रव्याऐवजी विकर जोडले आणि साध्या सूक्ष्मदर्शकाचा मार्ग मोकळा केला. १९७० मध्ये स्टर्नबर्गर यांची पीएपी पद्धत आली.

शू आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातील ॲव्हिडिन हे प्रथिन घेतले. त्याच्यावर बायोटिन या जीवनसत्त्वासाठी चार जागा असतात आणि एकदा बसलेले बायोटिन सहसा सुटत नाही. ॲव्हिडिन आणि बायोटिन जोडलेले पेरॉक्सिडेज यांचे संयुग त्यांनी आधीच तयार केले, तेही अशा प्रमाणात की काही जागा मोकळ्या राहाव्यात. त्या मोकळ्या जागांनी संयुग प्रतिपिंडावरील बायोटिन पकडते. एकाच ठिकाणी विकराचे अनेक रेणू गोळा होतात आणि तपकिरी रंग गडद उमटतो. महागडे मूळ प्रतिपिंड अधिक विरल करूनही काम भागते. सामान्य रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला या काटकसरीचे मोल फार.

निबंधातील सारेच मात्र नवे नव्हते. ॲव्हिडिन-बायोटिनचा वापर हाइट्झमन आणि रिचर्ड्स यांनी १९७४ मध्ये सूक्ष्मदर्शनासाठी केला होता. गेदों आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये त्याच नियतकालिकातून तो विकरपद्धतीत आणला. शू यांची भर म्हणजे संयुग आधी तयार करणे, प्रमाण ठरवणे आणि पीएपीशी समोरासमोर तुलना करणे. भर छोटी होती, पण निर्णायक ठरली. संदर्भांचा ओघ मात्र शेवटच्या पायरीकडे वळला. दोषही होते. यकृत आणि मूत्रपिंड यांत नैसर्गिक बायोटिन भरपूर असल्याने तेथे फसवा रंग येऊ शकतो. पुढे १९९० च्या दशकापासून पॉलिमरवर आधारित पद्धती आल्या, त्या याच कारणाने. संदर्भ कौतुकाचा की सवयीचा, हे आकड्यात दिसत नाही.

विकृतिशास्त्रज्ञ म्हणून शू यांची पारख करायची तर त्यांचे नंतरचे लेखन वाचावे लागेल. कॉसमन आणि जॅफी यांच्यासह १९८३ मध्ये त्यांनी निरोगी लसिकाऊतींत कोणत्या जातीच्या पेशी कोठे वसतात याचा नकाशा मांडला. १९८५ मध्ये हॉजकिन रोगातील रीड-स्टर्नबर्ग पेशींवर लिहिले. प्रश्न हे होते. रंजन हे त्यांचे साधन होते. मोजदादीने साधनाला पुढे केले आणि प्रश्नांना मागे ढकलले. प्रथिनमापनाच्या पद्धतीवरील १९५१ च्या निबंधामुळे जगातील सर्वाधिक उद्धृत लेखक ठरलेले ऑलिव्हर लॉरी यांनाही तो निबंध आपले श्रेष्ठ काम वाटत नव्हता. उलट, हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रोज वापरणारे त्याच्या आद्य वापरकर्त्यांचा संदर्भ देतच नाहीत. पद्धत पूर्णपणे अंगवळणी पडली की नाव पुसले जाते, हे रॉबर्ट मर्टन यांनी दाखवूनच ठेवले आहे.

भारतातील प्राध्यापकांना हा हिशोब परका नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दोनपेक्षा अधिक लेखक असतील तर प्रमुख लेखकाला निबंधाच्या गुणांपैकी ७० टक्के, इतरांना प्रत्येकी ३० टक्के. लेखक दोनच असतील तर दोघांनाही ७० टक्के. हे माप लॉरेन रेन यांना लावले, तर या गाजलेल्या निबंधासाठी त्यांच्या वाट्याला ३० टक्के येतात. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात शू आणि रेन या दोघांचाच प्रोटीन ए, ॲव्हिडिन आणि बायोटिन यांवर आणखी एक निबंध आला. तो तितका गाजला नाही. त्यासाठी मात्र ७० टक्के.