अथेन्सविरुद्ध जेरुसलेम

अथेन्सचा जेरुसलेमशी संबंध काय, हा प्रश्न कार्थेजच्या तेर्तुल्यनने इ. स. २००च्या सुमारास विचारला आणि ग्रीक तत्त्वज्ञान व ख्रिस्ती श्रद्धा यांच्या वादात तो कायमचा नोंदला गेला. ज्या लॅटिन ग्रंथात तो येतो, त्याचा युक्तिवाद कितपत टिकतो, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ग्रंथाचे नावच कायद्याच्या परिभाषेतले आहे. दाव्याच्या गुणदोषांत शिरण्यापूर्वीच तो चालू नये म्हणून रोमन न्यायव्यवहारात जी प्राथमिक हरकत घेत, तीच तेर्तुल्यन पाखंड्यांविरुद्ध घेतो. धर्मग्रंथ प्रेषितांकडून आमच्याकडे आले, वहिवाट आमची. सबब इतरांस त्यांवर वाद घालण्याचा अधिकारच नाही. आणि पाखंडाचे मूळ कोठे? त्याच्या मते तत्त्वज्ञानात.

त्याची भीती निराधार नव्हती. प्लेटोच्या ‘फीडो’मध्ये देह हा आत्म्याचा बंदिवास ठरतो, ख्रिस्ती श्रद्धा तर देहाच्याच पुनरुत्थानाची ग्वाही देते. पॉलने अथेन्समध्ये मृतांच्या पुनरुत्थानाची गोष्ट काढताच काही श्रोत्यांनी त्याची टर उडविली, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे.

परंतु हरकत घेणाऱ्याचे स्वतःचे दप्तर काय सांगते? आत्म्यावरील आपल्या ग्रंथात, आत्मा मूर्त आहे हे सिद्ध करण्यासाठी तेर्तुल्यन स्टोइकांनाच साक्षीस बोलावतो आणि सेनेका पुष्कळदा आपलाच असल्याचे म्हणतो. ज्या घराशी संबंध नाकारला, त्याच घरातून ही उसनवार!

जस्टिनची वृत्ती याच्या उलट. इ. स. १५५च्या सुमाराच्या आपल्या कैफियतीत तो सॉक्रेटिसला ख्रिस्तापूर्वीचा ख्रिस्ती ठरवितो. कारण ‘लोगोस’चा, म्हणजे विश्वव्यापी विवेकाचा, अंश त्याच्यातही होता. ही उदारता खरी. पण कोणीही जे उत्तम बोलले ते आमचेच, असेही तो म्हणतो. मग सॉक्रेटिसचे स्वतःचे असे काय उरले? एक ऋण नाकारतो, दुसरा ऋणकोऐवजी मालक होतो.

न्याय्य हिशेब ऑगस्टीनच्या ‘कबुलीजबाबा’च्या सातव्या खंडात सापडतो. शब्द आदीपासून ईश्वरापाशी होता, हे प्लेटोवाद्यांच्या ग्रंथांत मिळाले. शब्द देहधारी झाला, हे मिळाले नाही. जमा आणि बाकी, दोन्ही त्याने मांडल्या. तरीही अन्यत्र तोच तत्त्वज्ञांना सत्याचे बेकायदा कब्जेदार म्हणतो. मालकीचा मोह असा दुर्धर असतो.

निकियाच्या परिषदेने ३२५ साली पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ज्या ग्रीक शब्दाने घोषित केले, तो बायबलात नाही. एवढा लेखी पुरावा असता तेर्तुल्यनची हरकत फेटाळणेच प्राप्त आहे. ऋण मान्य केल्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही. ते नाकारल्याने मात्र तिची साक्ष दुबळी होते. हा निवाडा एकाच धर्मापुरता मर्यादित आहे, असे सुज्ञ वाचक मानणार नाहीत.