नाव, नदी आणि पुष्कळसे आभाळ

डच चित्रकारांची नदीचित्रे मी प्रथम छापील पुस्तकात पाहिली तेव्हा, खरे सांगायचे तर, कंटाळलो. तळाशी पाण्याची चिंचोळी पट्टी, दोनचार शिडाच्या नावा, काठावर गुरे, आणि उरलेल्या पानभर ढगाळ आभाळ! एवढ्या आभाळाचे करायचे काय? पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात यान व्हान गोयेनचे १६४४ सालचे डोर्डरेख्ट गावाचे चित्र समोर आले आणि माझी चूक ध्यानात आली. आभाळ हाच त्या चित्राचा विषय होता.

क्षितिजरेषा इतकी खाली ओढलेली, की गावच्या मोठ्या चर्चचा अर्धवट राहिलेला बोथट मनोरा हीच काय ती दूरची ठळक खूण. पण वरचे सगळे आभाळ तोलून धरले आहे ते पुढच्या पाण्यातल्या, माणसांनी भरलेल्या काळसर नावेने. छापील प्रतीत ती नाव बोटाने झाकून पाहा : ढग एकदम सपाट होतात, पाण्याची खोली जाते, मनोरा उगाच जवळ येतो. बोट काढले, की वारा पुन्हा वाहू लागतो. सालोमोन व्हान रौस्डाल हेच काम काठावरच्या उंच झाडांकडून करून घेतो. त्याचा काठ तिरपा मागे सरत जातो आणि त्याच्यामागून आपली नजर. युक्ती सुरेख, पण युक्ती आहे हे कळते.

गोयेनची हवा रंगांच्या काटकसरीतून आलेली आहे. तपकिरी, करडा, किंचित हिरवट, बस्स. रंगाचा थर तो इतका पातळ देतो, की पुष्कळ चित्रांत खालच्या ओकच्या फळीच्या रेषा ढगांतून डोकावतात. (त्या काळचा, काचेपासून केलेला एक निळा रंग तेलात हळूहळू करडा पडतो, तेव्हा काही आभाळे मुळात अधिक निळी असतील, हे मला मान्य आहे. तरी चित्राची बांधणी उजेड-अंधाराच्या पायऱ्यांवर आहे, निळ्यावर नाही.) पातळ रंग म्हणजे झटपट काम आणि स्वस्त चित्र, हा व्यवहारही त्यात होताच. बिचाऱ्याने १६३७ मध्ये ट्यूलिपच्या सट्ट्यात हात पोळून घेतले आणि १६५६ मध्ये तो कर्जातच वारला.

आल्बर्ट कॉइप तर डोर्डरेख्टचाच. त्याने १६५० च्या सुमारास आपल्या गावापुढची मास नदी रंगवली. तेही चित्र ह्याच संग्रहालयात आहे. इटलीहून परतलेल्या डच चित्रकारांकडून त्याने सोनेरी उजेड उचलला आणि पाणी, शिडे, माणसे सगळी त्यात न्हाऊ घातली. चित्र भव्य आहे, ह्यात शंका नाही. पण त्या उजेडात सगळेच थबकल्यासारखे वाटते. गोयेनच्या नावेतली माणसे मात्र, पाऊस यायच्या आत पैलतीर गाठायला निघाली आहेत, असे मला दर वेळी वाटते.

आमच्या घरात हे मत माझ्या एकट्याचे आहे. दिवाणखान्यात कॉइपची प्रत लागली. गोयेन माझ्या टेबलाशी, खिडकीच्या बाजूला टांगला आहे.