सव्वाचार मिलिमीटरांचे तेज

शिरूर कासारकडची लग्नघरातली मंडळी साखरपुड्याची अंगठी पाहायला बीडच्या सराफ्यात येतात, तेव्हा सोन्यापुरती ती चांगली जाणती असतात. घडणावळ, हॉलमार्क, घट, मोडीचा भाव सारे त्यांना तोंडपाठ असते. हल्ली मात्र मुला-मुलींच्या मनात खड्याची अंगठी भरलेली असते, आणि मखमली तबकातून 30 सेंटांचा (सेंट म्हणजे कॅरटाचा शंभरावा भाग) हिरा पुढे येतो: वजन 60 मिलिग्रॅम, व्यास जेमतेम सव्वाचार मिलिमीटर. सोन्याच्या सवयीने पहिला प्रश्न वजनाचाच निघतो. या इवल्या वस्तूत रंग, निर्मळता आणि आकारमान धरणीच्या पोटातून आलेले असते. तिच्यावरचे पैलू तेवढे माणसाने पाडलेले असतात. हिऱ्याला हिरा म्हणून डोळ्यांत भरवणारे सारे काही या चौथ्या गुणात, व्यापारी ज्याला ‘कट’ म्हणतात त्यात आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून आपण आज फक्त तेवढेच पाहू, आणि सावकाश पाहू.

गोल ब्रिलियंट घाटाच्या हिऱ्याला 57 पैलू असतात. तळाचे टोक सपाट केलेले असेल तर 58. त्यांपैकी 33 माथ्यावर, 24 पोटाखाली. माथ्यावरचा अष्टकोनी सपाट पैलू म्हणजे टेबल. प्रकाश मुख्यतः याच दारातून आत शिरतो आणि बराचसा येथूनच शुभ्र होऊन परततो. टेबलाभोवतीच्या उतरणीला क्राउन म्हणतात. त्या उतरणीवरून बाहेर पडताना किरण वाकतो, फाकतो, आणि एकाच ठिणगीत तांबडा, हिरवा, निळा असे रंग क्षणभर उमलून मावळतात. टेबल फार रुंद ठेवले की ही उतरण आक्रसते, शुभ्रता राहते पण रंगांचा खेळ विरळ होतो. मार्सेल टोल्कोव्स्की या पैलूकारांच्या घराण्यातल्या तरुण अभियंत्याने 1919 मध्ये ‘डायमंड डिझाइन’ या पुस्तकात याचे गणित मांडले: टेबल व्यासाच्या 53 टक्के, क्राउनचा कोन साडेचौतीस अंश, पोटाचा कोन पावणेएकेचाळीस अंश. आजचे कारागीर या आकड्यांच्या थोडे अलीकडे-पलीकडे जातात, पण त्या अंगणाबाहेर फारसे जात नाहीत.

खरे रहस्य मात्र पोटाखालच्या उतारात, पॅव्हेलियनमध्ये आहे. ज्यांनी बांधीव विहिरीत सूर मारला आहे त्यांना हे रहस्य अंगाने ठाऊक आहे. तळाकडे जाऊन डोळे उघडून वर पाहावे. डोक्यावर प्रकाशाचे एक वर्तुळ दिसते, त्यात आभाळ, कठडा, काठावरची माणसे सारी आकसून सामावलेली असतात, आणि त्या वर्तुळाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग एकाएकी आरसा होतो, त्यात विहिरीचेच दगड उलटे दिसतात. लंबाशी साधारण साडेअठ्ठेचाळीस अंशांहून तिरपा गेलेला किरण पाण्याबाहेर पडू शकत नाही, तो आतच परततो. हिऱ्यात हीच मर्यादा अवघ्या 24.4 अंशांवर येते. म्हणजे आत आलेल्या किरणाला बाहेर पडण्याची वाट फारच अरुंद, आणि परतण्याची शक्यता फार मोठी. कारागीर पोटाचा उतार असा राखतो की किरण एका पैलूवर आदळून समोरच्या पैलूवर जावा आणि तिथून थेट आपल्या डोळ्यांकडे वर यावा. मागे पारा नाही, चांदीचा पत्रा नाही, पूर्ण पारदर्शक दगड केवळ कोनाच्या बळावर आरसा होतो! उतार उथळ झाला तर टेबलाखाली कडेचे पांढुरके कडे दिसू लागते, त्याला फिशआय म्हणतात. उतार फार खोल गेला तर मध्यभाग काळवंडतो, तो नेलहेड. हे दोन्ही दोष एकदा दाखवले की साध्या डोळ्यांनीही ओळखू येतात.

आता हिरा बोटांवर घेऊन चेहऱ्याच्या अगदी समोर धरावा. उत्तम कापलेल्या हिऱ्यात मध्यातून कडेकडे जाणारे आठ काळसर बाण दिसतील, सारे सारख्या लांबीचे, सारख्या अंतरावर. प्रथम पाहणाऱ्याला तो डाग वाटतो. पण ती आपल्याच मस्तकाची छाया आहे! आपण वाकून पाहतो तेव्हा वरून येणारा प्रकाश आपणच अडवतो, आणि पोटाखालचे आठ मुख्य पैलू तेवढ्या अंधाराचे प्रतिबिंब इमानाने परत करतात. या अंधारावाचून तेज उठून दिसत नाही. सगळीकडून सारखाच पांढरा उजळणारा दगड निर्जीव वाटतो. हिरा किंचित कलवला की बाण पेटतात आणि त्यांच्या शेजारचे तुकडे विझतात. बोट हलले की ही अदलाबदल सुरू होते. लखलखणे म्हणतात ते हेच. बाण वाकडे किंवा तोकडे-लांब असतील तर पैलूंची जुळणी कुठेतरी चुकली असे समजावे.

कडेचा पट्टा, गर्डल, लवकर पाहून घेऊ. तो फार पातळ असेल तर टवका उडतो, उगाच जाड असेल तर त्यात वजन दडवलेले असते. 29 सेंटांपेक्षा 30 सेंटांना भाव चढा मिळतो, म्हणून कच्च्या दगडाचे थोडे पोट किंवा कड राखून ठेवण्याचा मोह कारागिराला होतो. मग तराजूत 30 भरणारा हिरा वरून त्याहून लहान दिसतो. पैसे न दिसणाऱ्या भागाचे जातात.

वजन आणि तेज यांची ही ओढाताण पाहायची असेल तर आपल्याच नाशिकच्या हिऱ्याकडे वळावे. त्र्यंबकेश्वराच्या देवालयातला म्हणून ख्यात असलेला हा ‘नासक’ हिरा दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर, 1818 मध्ये, इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा तो सुमारे 90 कॅरटांचा होता, आणि त्याचे पैलू जुन्या हिंदुस्थानी रीतीने पाडलेले होते: दगडाचा मूळ आकार मोडायचा नाही, वजन शक्य तितके राखायचे. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींवर आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच रत्नव्यापाऱ्यानेही इथल्या कारागिरांची ही राखणूक टिपून ठेवली आहे. मला त्यात कसर दिसत नाही. दगड ही ईश्वराची देणगी, तिला कमीत कमी स्पर्श करावा, हा भाव त्यामागे असावा. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो पुन्हा कापला, मूळ घाट बराचसा सांभाळला आणि चमक वाढवली. वजन 80 च्या आसपास आले. पुढे अमेरिकी जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी 1940 मध्ये तो घेऊन एमराल्ड घाटात कापला आणि हिरा 43.38 कॅरटांवर उतरला, म्हणजे जवळजवळ निम्मा. एमराल्ड घाटाचे पैलू लांबट, पायऱ्यापायऱ्यांचे असतात. ते ठिणग्या उडवत नाहीत, रुंद शांत पट्ट्यांनी उजळतात. एकाच दगडाने तीन काळांच्या तीन रुची अंगावर वागवल्या. नासक हिऱ्याचा मूळ घाट डोळ्यांनी पाहायला मिळता तर, ही हुरहुर मात्र जात नाही.

पुन्हा पेढीवर येऊ. दुकानाच्या छतातले बारीक प्रखर दिवे कुठल्याही दगडाला नाचवतात, तेव्हा सराफाला विनंती करून हिरा दाराशी आणावा, ऊन टाळून सावलीतल्या आभाळाच्या उजेडात धरावा, मग ट्यूबलाइटखाली. मंद उजेडातही जो कडेपर्यंत जागा राहतो तो भला. भिंग मागितल्यास चांगला सराफ आनंदाने देतो. प्रमाणपत्रावर कटाची वेगळी ओळ असते. जीआयए ही संस्था 2006 पासून गोल ब्रिलियंट हिऱ्यांच्या कटाला एक्सलंटपासून पुअरपर्यंत पाच पायऱ्यांत श्रेणी देते. कुठे खाली उतरायचेच असेल तर रंगात एखादी पायरी उतरावी, कटात नको, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यालाही हेच कोन, हेच नियम.

आणि अंगठी ज्या हातात जाणार त्या हाताचा विचार. तो हात भाकरी थापणार, केसांना तेल लावणार, आणि हिऱ्याला तेलकटपणाची विलक्षण ओढ असते. खाणींवर चरबी फासलेल्या फळीवरून खडी वाहवून हिरे वेगळे काढत, ते याच गुणामुळे. पोटाच्या पैलूंवर तेलाचा थर बसला की 24.4 अंशांची ती मर्यादा साडेसदतिसाच्या आसपास सरकते, जो किरण परतायचा तो खालून निसटतो, आणि एक्सलंट कटाचा हिराही मळकट दिसू लागतो. म्हणून अंगठी घडवायला टाकतानाच कोंदण मागून उघडे ठेवायला सांगावे, आणि आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रश वरून नव्हे तर त्या मागच्या बाजूने फिरवावा.